रमाबाई रानडे : नर्सच्या शिक्षणाचा खर्च कुणी करायचा?



आज आपण रमाबाई रानडे यांच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत. त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण हा पाठ तिच्यातूनच तयार झाला.

माझ्या चौथीच्या वर्गात निबंध दिला होता, 'मी कोण होणार?' विषय जुनाच, आपण सगळेच देतो. पोलीस, पायलट, यूट्यूबर, डॉक्टर अशी सगळी भरती झाली. एका मुलीने लिहिलं होतं, मला नर्स व्हायचं आहे. तिची आई इथे नवी मुंबईतल्याच एका दवाखान्यात आया म्हणून काम करते. मुलीने छान लिहिलं होतं. सलाईन कशी मोजतात, रात्रपाळीला काय काय न्यावं लागतं, पेशंट बरा होऊन जाताना सिस्टरला नमस्कार करतो, असं सगळं. आणि मी काय केलं? वहीत खाली लाल शाईने लिहिलं, 'छान! पण डॉक्टर का नाही?'

मला वाटलं मी तिला प्रोत्साहन देतेय. दुसऱ्या दिवशी मुलीने वही उघडून विचारलं, "मॅडम, नर्स होणं चुकीचं आहे का?" मला उत्तर सुचेना. घरी गेल्यावर मी रमाबाई रानड्यांविषयी पुन्हा वाचायला बसले. डी.एड.ला असताना त्या एका ओळीत आटोपल्या होत्या : न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी, सेवासदनच्या संस्थापिका. त्या एका ओळीच्या मागे केवढं काम आहे ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

देवराष्ट्रेची यमुना

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. (मुलांना सांगायला एक जोड माहिती : यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही हेच.) माहेरचं आडनाव कुर्लेकर, आणि नाव यमुना. घर खातंपितं, पण मुलींना शिकवायचं नाही हा त्या काळचा रिवाज त्या घरातही होता. त्यामुळे अकरा वर्षांची होईपर्यंत यमुनेला अक्षरओळख नव्हती.

१८७३ मध्ये तिचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. ती अकरा वर्षांची, ते एकतीस वर्षांचे. त्यांची पहिली पत्नी थोड्याच दिवसांपूर्वी वारली होती. रानडे विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे सुधारक. त्यांनी स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करावं अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या शब्दापुढे ते नमले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यावर तेव्हाही खूप टीका झाली आणि आजही वर्गात मुलं विचारतात, एवढ्या लहान मुलीशी का? मी हे लपवत नाही. मोठ्या माणसांच्या आयुष्यात अशा जागा असतात, त्या झाकल्या तर मुलांना चरित्र खोटं वाटतं.

त्याच माणसाने बायकोला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी लिहायला-वाचायला, मग गणित, मग इंग्रजी. दिवसा घरकाम आणि रात्री अभ्यास. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात आवडत नव्हतं. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवून दिलेली कामं हे रोजचं होतं. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत, पण अभ्यासही सोडला नाही. त्यांचा हा स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला. आवाज न चढवता आपलं काम पुढे रेटायचं.

गव्हर्नरसमोर उभी राहिलेली बावीस वर्षांची बाई

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या. पुण्यातल्या बायका एकत्र बसून शिक्षणाविषयी बोलतात हीच तेव्हा मोठी बातमी होती.

१८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायचं ठरलं. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन होते. त्यांच्यासमोर, भरसभेत, या शाळेसाठीची विनंती इंग्रजीतून वाचून दाखवण्याचं काम रमाबाईंकडे आलं. कल्पना करा, अकराव्या वर्षी ज्या मुलीला 'अ' काढता येत नव्हता ती बाविसाव्या वर्षी गव्हर्नरपुढे इंग्रजी वाचते आहे! त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली. घरी मात्र त्या रात्री कौतुक झालं नाही, बोलणी बसली. परक्या पुरुषांपुढे उभं राहून साहेबाच्या भाषेत बोलली म्हणून.

हा प्रसंग आपण सहसा धीटपणाचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंही काही दिसतं. बायकांच्या शिक्षणासाठी सरकारने हातभार लावला पाहिजे, आणि तो मागायला बायकांनी स्वतः उभं राहिलं पाहिजे, हा धडा त्यांना फार लवकर मिळाला. मुलींची शाळा म्हणजे कुणाच्या दयेवर चालणारी गोष्ट नाही, तो सार्वजनिक खर्चाचा विषय आहे. आज आपल्याला हे उघड वाटतं. तेव्हा पुण्यातल्या बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही मुलींना हायस्कूलचं शिक्षण कशाला, असा प्रश्न पडत होता, आणि तसं वर्तमानपत्रांतून छापूनही येत होतं.

मधली वर्षं मी भराभर सांगते. रानड्यांच्या बदल्या होत राहिल्या. १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि हे कुटुंब मुंबईत आलं. इथे रमाबाईंनी बायकांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवण, हस्तकला यांचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई एकोणचाळिशीच्या आत-बाहेर, मूलबाळ नाही. त्या पुण्याला फुले मंडईजवळच्या घरी परतल्या आणि पहिलं वर्ष जवळजवळ घराबाहेर पडल्याच नाहीत.

तुरुंग, दवाखाना आणि आळंदी

मग त्या बाहेर पडल्या, आणि गेल्या कुठे? येरवड्याच्या तुरुंगात. तिथल्या स्त्री कैद्यांना भेटायला, त्यांना काहीबाही वाचून दाखवायला, त्यांच्याशी बोलायला. दवाखान्यांत जाऊन रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं द्यायला. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पण मला अध्यक्षपदापेक्षा ही दवाखान्यातली फेरी महत्त्वाची वाटते. फळं घेऊन जाणाऱ्या बाईला वॉर्डात काय दिसलं असेल? रुग्ण बाया आहेत, बाळंतिणी आहेत, आणि त्यांच्या भाषेत बोलणारी, त्यांच्याजवळ बसणारी शिकलेली बाई तिथे क्वचितच आहे.

त्याच्या थोडंच आधी पुण्याने प्लेग पाहिला होता. १८९७ च्या साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या, हे आपण दर तीन जानेवारीला मुलांना सांगतोच. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याने दवाखाना उघडलेला, आणि मुंढव्याहून आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन आल्या. पण तिथे एक प्रश्न उरतो. साठीच्या पुढच्या सावित्रीबाईंना हे करावं लागलं, कारण ते करायला शिकवून तयार केलेल्या बायका पुरेशा नव्हत्याच. एखादी थोर बाई जीव देऊन सेवा करते, पण साथ आल्यावर वॉर्ड चालवायला शेकडो साध्या, शिकलेल्या, पगार घेणाऱ्या बायका लागतात. त्या कुठून आणायच्या?

त्या काळी नर्सिंगमध्ये बहुतेक ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपीय बायका होत्या. हिंदू घरांतून मुलगी पाठवायची म्हणजे केवढं संकट! कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, पुरुष रुग्णांजवळ जायचं, रात्री घराबाहेर राहायचं. बाळंतपणाचं काम करणारी सुईण सगळ्यांना हवी असायची, पण तिला उंबऱ्याबाहेर बसवायचे. हे काम हलकं, ही समजूत घट्ट होती.

सेवासदन

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल या दोघांनी मुंबईत सेवासदनची कल्पना मांडली. बायकांसाठी एक घर असावं, तिथे त्यांना सेवेचं आणि परिचर्येचं शिक्षण मिळावं, अशी ती कल्पना. त्यासाठी ते रमाबाईंकडे आले आणि त्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. सोबत होते भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. देवधरांनी संघटना बांधली, निधी गोळा केला, हिशेब सांभाळले. रमाबाईंनी घर दिलं, नाव दिलं, वेळ दिला.

आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. पुण्याच्या सेवासदनने प्राथमिक शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेजही चालवलं. म्हणजे आपल्या डी.एड.ची ती एक पणजीच म्हणा ना! शिक्षिका आणि नर्स, बाईला बाहेर पडून पगार मिळवून देणारे हे दोन व्यवसाय त्या एकाच वाड्यातून निघाले. त्यातला शिक्षिकेचा समाजाने त्या मानाने लवकर स्वीकारला. नर्सचा स्वीकारायला फार वेळ लागला.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. नर्स तयार करायची तर काय काय लागतं? शिकवणारे डॉक्टर आणि सिस्टर लागतात, आणि खरे रुग्ण असलेला वॉर्ड लागतो. हे वाड्यात उभं करणं शक्यच नव्हतं. पुण्यात ते एका ठिकाणी होतं, ससून रुग्णालयात. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, १८६७ पासूनचं, आणि सरकार चालवत असलेलं. म्हणून सेवासदनने आपल्या बायकांना ससूनमध्ये शिकायला पाठवायचं ठरवलं. शिकायला सरकारी दवाखाना, राहायला सेवासदनचं वसतिगृह, अशी वाटणी झाली.

वाचताना हे किती सोपं वाटतं! पण जरा त्या शिकणाऱ्या बाईच्या बाजूने बघा. ती बहुतेक वेळा विधवा. सोळा, अठरा, वीस वर्षांची. सासरी राबायचं, माहेरी ओझं. हातात पैसा नाही. ससूनमध्ये प्रवेश मिळाला, शिकवणं मिळालं, तरी ती राहणार कुठे? जेवणार काय? आजारी पडली तर बघणार कोण? रात्रपाळीहून पहाटे परतली तर दार कोण उघडणार, आणि ती कुठे होती हे चार लोकांना कोण सांगणार? शिक्षण फुकट असलं तरी या प्रश्नांना उत्तर नसेल तर ती येऊच शकत नाही. रमाबाईंनी हे नेमकं ओळखलं. सेवासदनने पुढे तीन वसतिगृहं चालवली. त्यांतलं एक खास शिकाऊ नर्सेससाठी होतं आणि एक वैद्यकीच्या विद्यार्थिनींसाठी.

वसतिगृह म्हणजे नुसती खोली नाही. रमाबाईंच्या नावाचं वसतिगृह म्हणजे घरच्यांना दिलेला शब्द होता. न्यायमूर्तींच्या पत्नी, स्वतः व्रतवैकल्यं पाळणाऱ्या, डोक्यावरून पदर घेणाऱ्या, सगळ्या पुण्याच्या ओळखीच्या. त्यांच्या छत्राखाली मुलगी आहे म्हटल्यावर बाप गप्प बसायचा. रमाबाईंच्या सोवळेपणावर आज आपण बोट ठेवू शकतो. रूढीविरुद्ध त्या पंडिता रमाबाईंसारख्या उभ्या ठाकल्या नाहीत, आणि त्यांच्या संस्थेत सुरुवातीला आल्या त्याही मुख्यतः वरच्या जातीतल्या बायका. हे खरंच आहे. पण त्या सोवळेपणाचाच त्यांनी ससूनच्या दारापर्यंत जायला उपयोग करून घेतला, हेही खरं आहे.

आणि खर्च? वर्गणी, देणग्या, जिथे मिळेल तिथे सरकारी अनुदान. सरकार तेव्हा इंग्रजांचं. त्यांच्याकडे हात पसरणं सगळ्यांना रुचत नव्हतं. रमाबाईंना त्यात कमीपणा वाटलेला दिसत नाही. दवाखाना लोकांसाठी आहे, लोकांच्या करातून चालतो, तिथे काम करणारी बाई घडवण्याचा खर्च सरकारने उचलायलाच हवा, असा त्यांचा एकूण रोख माझ्या ध्यानात आला. १८८४ मध्ये गव्हर्नरपुढे उभी राहिलेली तीच बाई.

बक्षीस समारंभ

आता जो प्रसंग सांगते तो वाचल्यावर मला माझी लाल शाई आठवली.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभात बक्षिसं वाटली जात होती. एक विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. ती विधवा होती, केस काढलेले, लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, त्या काळी विधवेचा असायचा तसा वेश. समोर बसलेल्या कॉलेजातल्या तरुण मुलांनी हुर्यो केली, हसले, शिट्ट्या मारल्या. लक्षात घ्या, ही मुलं अडाणी नव्हती. शिकलेली होती.

रमाबाई सहसा रागावत नसत. पण शेवटी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी त्या मुलांना चांगलंच सुनावलं. तुमच्यातल्या कुणाच्या घरात अशी बहीण, आत्या, मावशी नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभा एकदम शांत झाली. रूढीने जिचं डोकं भादरलं, ती त्याच डोक्यावर पदर घेऊन बक्षीस घ्यायला आली, तर हसायचं तिला का?

पुढे या बायका शिकून नोकरीला लागल्या. पगार घेऊन घरी आल्या, भावाच्या मुलांच्या फीया भरू लागल्या. लोकांचं मत हळूहळू बदललं, आणि त्या बदलात भाषणांपेक्षा पगाराचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका जात. रमाबाई स्वतः बरोबर असत. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडेही मदतीला गेल्या. यात्रेत बायका-मुलांची विचारपूस करणाऱ्या आपल्याच घरांतल्या बाया लोकांनी पाहिल्या.

शेवटच्या वर्षांत पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं यासाठी त्यांनी चळवळ केली आणि स्त्रियांच्या मताधिकाराचीही बाजू घेतली. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. शाळेत तिकिटं जमवणारं एखादं मूल असेल तर त्याला शोधायला सांगा.

पुढे काय झालं?

सेवासदनसारख्या संस्था चार शहरांत होत्या, देश केवढा! १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आकडा आहे : सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स. इंग्लंडमध्ये तेव्हा ३०० लोकांमागे एक होती. म्हणजे रमाबाई जाऊन बावीस वर्षं झाली तरी एका मोठ्या तालुक्याच्या गावाला एकही पूर्ण नर्स येत नव्हती. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा असावा म्हणून. त्यानंतर सरकारी शाळा-महाविद्यालयं निघाली आणि नर्सच्या शिक्षणाचा खर्च हा सरकारचाही विषय झाला.

अलीकडचं सांगायचं तर एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं मंजूर केली, १,५७० कोटी रुपयांची. म्हणजे एकेका महाविद्यालयाला साधारण दहा कोटी. ती नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून काढायची, म्हणजे वॉर्ड, प्रयोगशाळा, शिकवणारे आधीच हाताशी असतात. वाचताना मला ससूनच आठवलं. दवाखाना आहे तिथेच शिकवा, ही सेवासदनची जुनी युक्ती.

पण वसतिगृहाचं काय? हा प्रश्न आजही तसाच आहे. आपल्याकडे वाशी, नेरूळ, कामोठे भागात मोठी रुग्णालयं आणि नर्सिंगची महाविद्यालयं आहेत, पण त्यातली बरीचशी खाजगी. घणसोली-कोपरखैरणेतल्या चाळीत राहणाऱ्या आईला आधी फी दिसते आणि ती मागे सरते. इथे आपण शिक्षक थोडं तरी करू शकतो. राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. प्रत्येकीचे निकष वेगळे असतात, म्हणून प्रवेश घेण्याआधी ते महाविद्यालय आणि तो अभ्यासक्रम योजनेत बसतो का, हे लेखी विचारून घ्यायला पालकांना सांगा. आणि कागदपत्रं! उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा आधी काढून ठेवलेले बरे. (उत्पन्नाचा दाखला मात्र मुदतीचा असतो, तो वेळेवर नव्याने काढा.) फी माफ झाली म्हणून खूश होऊन प्रवेश घेतलेली आणि खोलीच्या भाड्यापायी सहा महिन्यांत परत आलेली मुलगी माझ्या ओळखीत आहे.

एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बी.एस्सी.साठी बारावीला विज्ञान लागतं. हा फरक बऱ्याच पालकांना माहीत नसतो, मलाही नव्हता. दहावीनंतर शाखा निवडतानाच तो सांगायला हवा, नंतर कळून उपयोग होत नाही.

वर्गात हा पाठ कसा घेतला

मी रमाबाईंची गोष्ट चौथीला दोन तासिकांत सांगितली. पहिल्या दिवशी यमुना, पाटी आणि गव्हर्नर. दुसऱ्या दिवशी सेवासदन. मग मुलांना एक प्रश्न दिला : एका मुलीला नर्स व्हायचं आहे, तिच्याकडे पैसे नाहीत, तर तिला काय काय लागेल याची यादी करा. मुलांनी फी, पुस्तकं, पांढरा ड्रेस लिहिलं. त्या मुलीने लिहिलं, 'रात्री परत येताना घ्यायला कोणीतरी'. तिची आई रात्रपाळीहून एकटी येते हे मला तेव्हा कळलं.

मग बक्षीस समारंभाचा प्रसंग सांगितला. हसणाऱ्या मुलांचा भाग आला तेव्हा वर्ग जरा गप्प झाला, कारण निबंध वाचून दाखवताना आमच्याच वर्गातले दोघं-तिघं हसले होते. आणि बाईंनी वहीत काय लिहिलं होतं तेही मी सांगून टाकलं.

आईला शाळेत बोलावलं होतं, पालकसभेच्या दिवशी. त्या संकोचत म्हणाल्या, "मॅडम, मी आयाच राहिले, ती सिस्टर झाली तर बरं." मी त्यांना वरच्या योजनांची नावं एका कागदावर लिहून दिली. मुलगी आता चौथीत आहे, बारावीला आठ वर्षं आहेत, तोवर योजनांची नावं बदलतील कदाचित. त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "हॉस्टेल कोणत्या योजनेत मिळतं म्हणालात?"